फ्लूची महासाथ: लस येईपर्यंत आणि लस आल्यावर

जुन्नर तालुक्यात नुकताच दवाखाना सुरू केलेल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं आहे: "कोविडच्या वेळी मी इंटर्न होते, वरून येईल तो आदेश पाळत होते. आता गावात मी एकटीच आहे. उद्या फ्लूची नवी महासाथ आली, तर लस हाती येईपर्यंत पेशंटना मी काय सांगू? लस आल्यावर आधी कोणाला टोचू? आणि 'आम्हाला नको ती लस' म्हणणाऱ्यांना काय उत्तर देऊ?"

डॉक्टर, तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातच दडलेली आहेत. लस आल्यावर लोक दंड पुढे करतील की नाही, हे लस येण्याआधीच्या महिन्यांत तुम्ही त्यांच्याशी कसं वागलात त्यावर ठरतं. मी पुण्यात सिंहगड रस्त्याला तीस वर्षांहून जास्त काळ दवाखाना चालवतो आहे आणि २००९ची स्वाइन फ्लूची साथ मी त्याच खुर्चीत बसून पाहिली आहे. जे सांगतो ते त्या अनुभवातून.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा, की लस उशिराच येणार. त्यात कोणाचा आळस नसतो. नवा विषाणू वेगळा करायचा, त्याच्यापासून लशीसाठीचा मूळ विषाणू तयार करायचा, तो कोंबडीच्या अंड्यांत वाढवायचा, मग शुद्ध करायचा, तपासायचा, माणसांवर चाचण्या घ्यायच्या, बाटल्या भरायच्या. सगळं सुरळीत झालं तरी पाच-सहा महिने जातात. २००९ मध्ये भारतातला पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादला सापडला. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू झाला, तोही आमच्या पुण्यात, एका शाळकरी मुलीचा. आणि भारतात बनलेली लस बाजारात आली ती २०१०च्या जून-जुलैमध्ये: आधी झायडस कॅडिलाची टोचायची, मग आमच्याच हडपसरच्या सीरमची नाकात फवारायची. मधे एक अख्खा पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा गेला. अमेरिकेसारख्या देशातही लस ऑक्टोबरात मिळू लागली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांची मोठी लाट शिखरावर होती. म्हणजे बहुतेकांच्या दंडापर्यंत सुई पोचली ती लाट ओसरताना. उद्या नवं तंत्रज्ञान वापरून हे काही आठवड्यांनी लवकर होईल. तरी तुमच्या गावातल्या फ्रीजपर्यंत बाटली पोचेपर्यंत पहिली लाट तुम्हाला लशीशिवायच काढायची आहे, असं धरूनच चाला.

ऑगस्टमधलं पुणं तुम्ही तेव्हा लहान असाल म्हणून आठवत नसेल. शाळा-कॉलेजं, चित्रपटगृहं बंद झाली. लक्ष्मी रस्त्यावर लोक तोंडाला रुमाल बांधून चालत होते. मेडिकलच्या दुकानांत एन-९५ मास्क दुप्पट-तिप्पट भावाने जात होते, आणि घराघरांत कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगणं चाललं होतं. घशाचे नमुने एनआयव्हीत, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, जात आणि रिपोर्ट यायला दोन-दोन दिवस लागत. नायडू हॉस्पिटलच्या बाहेर सकाळपासून रांग असायची. त्या रांगेत खोकणारे, न खोकणारे, नुसतेच घाबरलेले, सगळे एकमेकांना खेटून उभे असत. तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्या दिवसांत जे काम केलं त्याला तोड नाही. पण रांगेचं ते दृश्य मी कधी विसरलो नाही, कारण माझीही एक पेशंट तशाच एका रांगेत उभी होती.

ती सहा महिन्यांची गरोदर होती. दोन दिवस ताप, अंग मोडून आलेलं, घसा धरलेला. छाती स्वच्छ होती, बोलताना दम लागत नव्हता. टॅमिफ्लूच्या, म्हणजे ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधाच्या, गोळ्या तेव्हा आम्हा खासगी डॉक्टरांच्या हाती नव्हत्या, सरकारी केंद्रातच मिळत. मी चिठ्ठी लिहून तिला एका तपासणी केंद्रावर पाठवलं. चार तास ती आणि तिची सासू रांगेत उभ्या होत्या. नमुना घेतला गेला, आणि त्यांना सांगण्यात आलं, "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की गोळ्या देऊ." तिसऱ्या रात्री तिला धाप लागली. पहाटे सासूबाईंचा मला फोन आला तेव्हा त्यांना सांगायचं होतं ते एवढंच, की "डॉक्टर, तिचे ओठ कसेतरी दिसतायत." ती अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती. ती वाचली. बाळ गेलं. रिपोर्ट आला तेव्हा ती आयसीयूत होती.

चिठ्ठी देऊन मी मोकळा झालो, फोन उचलून "ही गरोदर आहे, हिला गोळी आजच सुरू करा, रिपोर्टसाठी थांबू नका" असं केंद्रावरच्या डॉक्टरांशी बोललो नाही. ती चूक माझी होती आणि ती मी अजून बाळगून आहे. म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हेच: फ्लूच्या साथीत जोखमीच्या पेशंटचं औषध रिपोर्टवर अडवायचं नाही. आजार डोळ्यांनी आणि स्टेथोस्कोपने ओळखायचा, गोळी सुरू करायची, नमुना घ्यायचा असेल तर तो गोळीबरोबर. ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगलं काम करतं. उशीर झाला असला आणि पेशंट गंभीर असला तरी द्यायचंच, पण खरी कमाई पहिल्या दोन दिवसांत असते, आणि रांगेत नेमके तेच दोन दिवस जातात. झटपट अँटिजेन चाचणी हाताशी असली तर तिच्या 'निगेटिव्ह'वर विसंबू नका. फ्लू असूनही ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते.

केंद्र सरकारने २००९ मध्येच पेशंटची अ, ब, क अशी वर्गवारी करून दिली आणि ती आजही तुमच्या कामाची आहे. साधा ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी असली तर 'अ': चाचणी नाही, टॅमिफ्लू नाही, घरी विश्रांती, आणि २४ ते ४८ तासांत तुम्ही पुन्हा पाहायचं. ताप खूप आणि घसा फार दुखतोय, किंवा लक्षणं साधीच पण माणूस जोखमीचा, तर 'ब': चाचणीची वाट न पाहता घरीच राहून ओसेल्टामिविर. जोखमीचे म्हणजे गरोदर बायका, लहान मुलं, पासष्टीच्या पुढचे, दमा-हृदय-मूत्रपिंड-यकृताचे जुने रोगी, मधुमेही, केमो किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे. २००९ मध्ये आणखी एक गोष्ट जगभर दिसली, की खूप स्थूल माणसं वाईट आजारी पडत होती. त्यांनाही यात धरा. आणि धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीत रक्त, नखं-ओठ निळे पडणं यातलं काहीही दिसलं की 'क': ताबडतोब ॲडमिट, गोळी सुरू, चाचणी तिकडे होईल.

मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. मुलांना वजनावर: १५ किलोच्या आत ३०, १५ ते २३ किलोला ४५, २४ ते ४० किलोला ६०, त्यापुढे ७५, सगळे दिवसातून दोनदा. (हे वर्षाच्या पुढच्या मुलांचं. तान्ह्याचा डोस किलोमागे काढतात, त्यासाठी बालरोगतज्ज्ञाला फोन करा.) किडनीचा पेशंट असेल तर डोस कमी करावा लागतो. गरोदर बाईला देताना कचरू नका. न दिल्याचा धोका कितीतरी मोठा आहे. अमेरिकेत २००९च्या साथीत लोकसंख्येत साधारण १ टक्का असलेल्या गरोदर बायकांचा मृत्यूंमधला वाटा ५ टक्क्यांच्या आसपास होता.

आता घरी पाठवलेल्या पेशंटला काय सांगायचं. आपण डॉक्टर इथे घाई करतो. "पाणी भरपूर प्या, आराम करा, बरं वाटलं नाही तर या." यातलं 'बरं वाटलं नाही तर' कोणालाच कळत नाही. आपल्या लोकांची सवय दुखणं अंगावर काढायची. हातावर पोट असलेला माणूस चौथ्या दिवशी ताप असताना कामावर जातो, आणि घरातली बाई तर सहाव्या दिवशीही म्हणते, "होईल बरं." म्हणून खुणा त्यांच्याच शब्दांत द्या. "एक वाक्य पूर्ण बोलताना मधे श्वास घ्यावा लागला तर या. न्हाणीपर्यंत जाऊन आल्यावर धाप लागली तर या. मूल दूध सोडत असेल, पोट उडत असेल तर रात्री दोन वाजले असले तरी या." पोट उडणं हा शब्द प्रत्येक आईला कळतो. 'श्वसनाचा वेग वाढणे' म्हटलं की ती फक्त मान हलवते. डबा झालाय का, असं तीच विचारते. त्या शब्दाचा राग मानू नका, ती न्यूमोनियाच म्हणत असते.

एक खूण मी कागदावर लिहूनच देत असे, लाल पेनाने: ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा चढला, तर त्याच दिवशी परत या. फ्लूने फुप्फुसं सोलून ठेवलेली असतात, त्यावर जिवाणूंचा न्यूमोनिया बसतो. १९१८च्या साथीत, जी मुंबईच्या बंदरातून जूनमध्ये आत शिरली आणि देशभरात एक कोटीच्या वर माणसं घेऊन गेली, तेव्हाच्या मृत्यूंमागे बहुतेक ठिकाणी हाच दुसरा न्यूमोनिया होता. आज आपल्याकडे त्यावर अँटिबायोटिक आहे. पण ते त्या वेळी द्यायचं, पहिल्या दिवशी 'असू दे बरोबर' म्हणून नव्हे.

श्वास मोजायची सवय लावून घ्या. पल्स ऑक्सिमीटर आता प्रत्येकाकडे आहे, २००९ मध्ये माझ्याकडे नव्हता. मी पेशंटचं मनगट हातात धरून नाडी बघतोय असं भासवत असे, आणि नजर त्याच्या पोटावर, कान भिंतीवरच्या घड्याळावर. पूर्ण एक मिनिट. पेशंटला कळलं की आपण श्वास मोजतोय, की तो श्वास बदलतो. मोठ्या माणसाचा आकडा २४च्या वर गेला की मी त्याला बाकावर बसवून अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचो, तिशीला टेकला की गाडी बोलवायचो. ऑक्सिमीटरवर ९४च्या खाली गेलेला पेशंट घरी ठेवू नका. आणि आकडा चांगला दिसला तरी त्याला दवाखान्यातच सहा मिनिटं चालवून पुन्हा लावून पाहा.

काय करायचं नाही, तेही सांगतो. "डॉक्टर, एक सुई मारा की" आणि "सलाईन लावा" हे तुम्हाला रोज ऐकू येईल. नाही म्हणा. त्या वेळात पेशंटजवळ बसून बोला, सुईपेक्षा ते लक्षात राहतं. लहान मुलांना ॲस्पिरिन अजिबात नाही, तापाला पॅरासिटामॉल. आणि कोविडने लावलेली एक सवय मोडावी लागेल: कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या पेशंटला डेक्सामेथासोनने फायदा झाला, म्हणून आता प्रत्येक विषाणूच्या तापात स्टिरॉइड लिहिणारे डॉक्टर मी पाहतो. फ्लूमध्ये स्टिरॉइड मिळालेल्या पेशंटमध्ये मृत्यू जास्त दिसले आहेत. दम्यासारखं दुसरं कारण नसेल तर हात आवरा.

दवाखान्याची मांडणी पहिल्या आठवड्यात बदला. तापाचे पेशंट आत नकोत, बाहेर ओट्यावर किंवा झाडाखाली बाक टाका. खिडक्या उघड्या. कंपाउंडर आणि केर काढणाऱ्या मावशी यांना तुमच्याइतकाच चांगला मास्क. आणि आजारपणाचा दाखला हात न आखडता लिहा. कारखान्यातला पोरगा ताप घेऊन पाळीला जातो तो हौसेने नाही. तुमच्या दाखल्याने त्याची पाच दिवसांची रजा वाचली तर त्याच्या शेडमधली वीस माणसं वाचतात.

आता बोलण्याविषयी. साथीच्या सुरुवातीला आपल्याला फार थोडं माहीत असतं आणि लोकांना सगळं हवं असतं. तेव्हा दोन मोह होतात. एक, "काही नाही हो, साधा फ्लू आहे" म्हणून झटकायचं. दुसरा, टीव्हीवाल्यांच्या सुरात सूर मिसळायचा. २००९ मध्ये मी जूनमध्ये पहिलं केलं आणि ऑगस्टमध्ये दुसरं, आणि दोन्ही वेळा लोकांना ते कळलं. पुढे मी दवाखान्याच्या दारावर एक फळा लावला. त्यावर रोज सकाळी तीन ओळी: आज काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, आणि काल लिहिलेलं काय बदललं. "काल म्हटलं होतं तापाच्या प्रत्येक माणसाने तपासणी करावी. आता सरकारने ते बदललं आहे, आणि कारण असं." लोक थांबून वाचायचे, वहीत उतरवून घ्यायचे. मत बदललं तर ते उघडपणे बदलल्याचं सांगा. गुपचूप बदललंत की शेजारचा माणूस कालचं वाक्य बरोबर काढून दाखवतो.

आणि आता लस. २०१०च्या पावसाळ्यात ती माझ्या फ्रीजमध्ये आली, आणि ओटा रिकामा होता. ऑगस्ट २००९ मध्ये "लस कधी येणार?" म्हणून दिवसाला पन्नास जण विचारायचे. वर्षभराने विचारणारं कोणी नव्हतं, कारण टीव्हीवरून साथ गेली होती. १० ऑगस्ट २०१०ला जागतिक आरोग्य संघटनेनेही महासाथ संपल्याचं जाहीर केलं. पण केंद्राच्या आकड्यांत २००९ मध्ये स्वाइन फ्लूचे ९८१ मृत्यू आहेत आणि २०१० मध्ये १,७६३. भीती ओसरल्यावर जास्त माणसं गेली. आणि २०१५ मध्ये हाच विषाणू परत उसळला तेव्हा देशात २,९९० माणसं गेली, त्यात महाराष्ट्रातली खूप होती. महासाथ 'संपली' म्हणजे विषाणू गेला असं नसतं, तो दर पावसाळ्याला येणारा पाहुणा होतो.

डॉक्टरांचं वागणंही लोक पाहत होते. देशी लशीच्या आधी केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी १५ लाख डोस परदेशातून आणले होते. माझ्या ओळखीतल्या कितीतरी डॉक्टरांनी ते घेतले नाहीत. कोणी म्हणे "बघू", कोणी म्हणे "मला तर होऊन गेला असेल." ज्या परिचारिकेने डॉक्टरला लस टाळताना पाहिलं, ती आपल्या वहिनीला "घे" म्हणून कशी सांगेल? म्हणून तुमची लस पहिल्या दिवशी, ओट्यावर, सगळ्यांसमोर. मग कंपाउंडर, मावशी, आशाताई, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर.

त्यांच्यानंतर कोण, याचं कायमचं ठरलेलं उत्तर नाही. दर साथीत कोण मरतंय ते पाहून क्रम लागतो. कोविडमध्ये म्हातारी माणसं आधी होती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सुचवलेल्या क्रमात आरोग्य कर्मचारी पहिले, मग गरोदर बायका, मग जुने आजार असलेले, मग तरुण आणि मुलं, आणि पासष्टीच्या पुढचे निरोगी लोक शेवटी. कारण १९५७च्या आधी जन्मलेल्यांनी लहानपणी या विषाणूच्या जुन्या भाऊबंदांना तोंड दिलं होतं, त्यांच्या अंगात थोडी ताकद शिल्लक होती. हे गावातल्या आजोबांना समजावून सांगावं लागेल, नाहीतर "आम्हाला मागे का ठेवलं" म्हणून रुसवा होतो. क्रम भिंतीवर लावा, आणि सरपंचांच्या घरचा फोन आला तरी तो मोडू नका. एकदा ओळखीने डोस गेला की तुमच्या दाराशी उभी असलेली गरोदर बाई तुमच्यावर का विश्वास ठेवेल?

"नको" म्हणणाऱ्यांची मी तीन-चार कारणं ऐकली आहेत. बहुतेक जण लशीला विरोध म्हणून नाही, तर भीतीने किंवा एखाद्या गोष्टीवरून नको म्हणतात. त्यांना झिडकारू नका, गोष्टीला गोष्टीनेच उत्तर द्या. मी १९७६ची सांगतो. अमेरिकेत न्यू जर्सीच्या लष्करी तळावर स्वाइन फ्लूने एक सैनिक गेला. साथ येणार म्हणून सरकारने सगळ्या देशाला लस टोचायला घेतली. ऑक्टोबरात पिट्सबर्ग शहरात लस घेतल्यावर तीन वृद्ध हृदयविकाराने गेले आणि एकच हलकल्लोळ झाला. तपासाअंती लशीचा त्यात हात दिसला नाही. त्या वयाची माणसं लस असो-नसो रोज त्या संख्येत जात होतीच. पण पुढे दुसरी गोष्ट दिसली आणि ती खरी होती: लस घेतलेल्यांत लाखामागे साधारण एकाला गियाँ-बारे, म्हणजे पायांपासून वर चढणारा लुळेपणा, जास्त होत होता. चार कोटींहून जास्त लोकांना लस देऊन झाल्यावर डिसेंबरात मोहीम थांबवली. आणि ती साथ कधी आलीच नाही.

या एका गोष्टीत दोन्ही धडे आहेत आणि मी पेशंटला दोन्ही सांगतो. लशीनंतर घडलेलं सगळं लशीमुळे घडलेलं नसतं. आणि कधी कधी ते लशीमुळे असतंही. तेव्हा ते मोजायचं, जाहीर करायचं आणि गरज पडली तर थांबायचं. २००९ मध्ये युरोपात वापरलेल्या एका लशीने फिनलंड-स्वीडनमधल्या काही मुलांना अवेळी झोप येण्याचा आजार झाला. तेही तिथल्या डॉक्टरांनीच शोधून काढलं. ती लस आपल्याकडे वापरली गेली नव्हती. आताच्या हंगामी लशींत गियाँ-बारेची वाढ असलीच तर दहा लाखांमागे एक-दोन एवढी, आणि फ्लू झाल्यानेही तोच आजार होतो, हे शेवटी सांगायला विसरू नका. तुम्ही दुष्परिणाम लपवला आणि पेशंटला तो मोबाइलवर सापडला, तर तुमचं पुढचं कुठलंच वाक्य तो ऐकणार नाही.

"लस घेऊनही फ्लू झाला" ही तक्रारही खरी असते. विषाणूशी जुळणी चांगली असलेल्या वर्षीही लस साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण देते. मी म्हणतो, "हेल्मेट घातल्याने अपघात टळत नाही काकू, डोकं वाचतं." अंड्याची ॲलर्जी हल्ली अडसर मानत नाहीत. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस मात्र गरोदर बायका, दोन वर्षांखालची मुलं, दमेकरी आणि प्रतिकारशक्ती खचलेले यांना नको, त्यांना टोचायचीच.

माझी ती पेशंट २०१३ मध्ये पुन्हा गरोदर राहिली. पाचव्या महिन्यात सासूबाईच तिला घेऊन आल्या. लशीविषयी मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आधी ती टोचा, बाकीचं नंतर बघा." मुलगी झाली. जन्मल्यावर पहिले सहा महिने बाळाला फ्लूची लस देता येत नाही, आईने घेतलेली लसच त्याला पुरते. हे वाक्य गरोदर बायकांना सांगा. स्वतःसाठी न घेणारी बाई बाळासाठी घेते. महाराष्ट्र सरकारने २०१५ पासून दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर बायकांना ही लस सरकारी दवाखान्यांत मोफत द्यायला सुरुवात केली. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सध्या साठा आहे का, ते विचारून ठेवा.

टोचण्याच्या दिवसाचं थोडक्यात. लस २ ते ८ अंशांत, बर्फात कधीच नाही, गोठलेली बाटली टाकून द्यायची. घरगुती फ्रीजच्या दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा, आत थर्मामीटर आणि दाराला चिकटवलेला कागद, सकाळ-संध्याकाळ तापमानाची नोंद. तुमच्याकडे वीज जाते तेव्हा किती वेळ जाते, हे आधी महिनाभर लिहून पाहा आणि त्या हिशेबाने आइस पॅक आणि शीतपेटी तयार ठेवा. टोचल्यावर प्रत्येकाला अर्धा तास बाकावर बसवायचं. ॲड्रिनॅलिनची अँप्यूल आणि सिरिंज कुलपात नको, टेबलावर हवी. लशीच्या ॲलर्जीने कोणी कोसळलं तर ॲड्रिनॅलिन मोठ्या माणसाला मांडीत अर्धा मिलि, आणि ते देताना थांबून विचार करायचा नाही. नऊ वर्षांखालच्या मुलाची पहिलीच वेळ असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढच्या तारखेची चिठ्ठी आईच्या हातात.

आणि हे सगळं महासाथीची वाट न पाहता दर वर्षी करता येतं. आपल्याकडे फ्लू जुलै ते सप्टेंबरात जोर धरतो, छोटी उसळी जानेवारी-मार्चमध्ये. लस अंगात भिनायला दोन आठवडे लागतात. म्हणून मृगाचा पाऊस यायच्या आत, मे महिन्यात, जोखमीच्या लोकांना टोचून घ्या. तेव्हा मिळणारी, सर्वांत अलीकडच्या विषाणूंवर बेतलेली लस घ्या, मागच्या वर्षीची उरलेली नको. तुमच्या भागात कोंबड्यांच्या शेड आहेत. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा माणसांपर्यंत तो पोचला नाही, पण पुढची महासाथ पक्ष्यांकडून किंवा डुकरांकडूनच यायची शक्यता आहे. शेडवर काम करणारा कोणी ताप-खोकला घेऊन आला तर "कोंबड्या मरतायत का?" हा प्रश्न नाडी बघताना विचारायचा, आणि हो म्हणाला तर त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन.

एक काम या आठवड्यातच करा. शंभर पानी वही घ्या आणि तुमच्या पेशंटांतले दमेकरी, मधुमेही, हृदयरोगी, डायलिसिसवरचे आणि गरोदर बायका यांची नावं, वाडी आणि घरातल्या कोणाचा तरी चालू फोन नंबर लिहून काढा. आशाताईंना बरोबर बसवा, कोणाच्या घरी काय आहे हे त्यांना तुमच्याहून जास्त ठाऊक असतं. गरोदर बायकांचं पान दर महिन्याला नवीन करावं लागेल. साथ आली की पहिल्या दिवशी याच वहीतून फोन लावायचे, "ताप आला तर त्याच दिवशी मला कळवा" म्हणून. आणि लस आली की त्याच क्रमाने बोलावणं पाठवायचं.